दादाच्या लग्नात मी दार धरलं

दादा सुट्टीत घरी आला की सकाळी कोंबड्याच्या आधी त्याच्या जिभेचा आवाज सुरू व्हायचा. न्हाणीजवळच्या दगडावर बसायचा, हातात कडुनिंबाची काडी, आणि 'र्र्र्र' असा लांबच लांब आवाज काढायचा. तो दिल्लीच्या एका विद्यापीठात स्पॅनिश शिकत होता. त्या भाषेत म्हणे असा जीभ थरथरवणारा र लागतो आणि तो जमला नाही तर तिकडचे लोक हसतात. आमचे बाबा बैलांना हाकताना जवळपास तसाच आवाज काढत. त्यामुळे दादाचा अभ्यास सुरू झाला की गोठ्यातले दोन्ही बैल उठून उभे राहायचे आणि दाव्याला हिसके द्यायचे. बाबा घोंगडीतून ओरडायचे, "अबे विलास, बैल उठले ना! नांगराले नेऊन राह्यला का त्याहिले?" दादा म्हणायचा, "बाबा, स्पॅनिश आहे हे." "असन. पन बैलाले सांग ना ते." माय चुलीपाशी हसायची, मीही हसायचे. त्या वेळी मला दादाचा फार अभिमान होता. हे आधीच लिहून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे त्यावरून मी पहिल्यापासून त्याच्यावर जळत होते असं मलाच एखाद्या दिवशी वाटू नये.

आमचं गाव पोंभुर्णा तालुक्यात, जंगलाला लागून. घरात आम्ही चौघं: बाबा, माय, दादा आणि मी. धानाची थोडी शेती, परसात वांगी आणि मिरच्या, बांधावर मोहाचं एक जुनं झाड. गावात शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर तालुक्याला, वाट जंगलातून, आणि घरात सायकल एक. ती दादाची झाली. माझी पाळी आली तेव्हा वाघाची भीती निघाली. दादाच्या वेळी वाघ कुठे गेले होते कोणास ठाऊक. मी तेव्हा हट्ट केला नाही. मी मुळातच कमी बोलणारी. अंगणात चार माणसं आली की मी आतल्या खोलीत. कोणी नाव विचारलं तरी मी मायच्या मागे सरकायचे आणि माय माझ्या वतीनं सांगायची, "मंजुळा नाव हाय तिचं, लाजते." लाजते म्हटलं की माणसाला काहीही करायला सांगता येतं, हे माझ्या घरच्यांना माझ्या आधी कळलं होतं.

दादा नागपूरला शिकला आणि मग दिल्लीला गेला. स्पॅनिशच का, असं गावातले विचारायचे. खरं कारण एवढंच होतं की त्या वर्गात जागा होती आणि राहायला वसतिगृह मिळत होतं. पण एकदा शिरला तो शिरलाच. एम.ए. झाला, मग त्याच विषयात मोठा प्रबंध लिहायला घेतला. सुट्टीत येताना पुस्तकांची पेटी आणायचा. त्यातला शब्दकोश इतका जड होता की माय पापड वाळले की त्यांच्या चळतीवर तो दाब म्हणून ठेवायची. चुलीसमोरच्या भिंतीवर त्यानं एक नकाशा चिकटवला होता, ती भाषा बोलतात त्या सगळ्या देशांचा. धुरानं तो महिन्याभरात पिवळा पडला. जेवताना दादा शिकवायचा. मक्याची भाकर केली की म्हणायचा, "तिकडं मेक्सिकोत घरोघरी हेच खातात." मिरची, टमाटर, भुईमूग हे सगळं त्याच देशांतून जहाजानं आपल्याकडं आलं, असं त्यानं एकदा सांगितलं. मायला ते पटलंच नाही. "मंग त्याच्या आधी आपले लोक कायची चटणी खात होते? मातीची?" बाबा म्हणाले, "म्हनूनच शांत होते लोक पह्यले."

मोहाच्या दिवसांत तो प्रबंधासाठी महिनाभर घरी राहायचा आणि उजाडताना माझ्याबरोबर बांधावर यायचा. मी टोपलीत फुलं वेचायचे, तो धुऱ्यावर बसून आपल्या अभ्यासातली नाटकं सांगायचा. पूर्वी त्या देशात घरांच्या मधल्या चौकात नाटकं व्हायची, लोक खाली उभं राहून आणि सज्जांतून पाहायचे. त्या नाटकांचा मोठा विषय म्हणजे इज्जत. आमच्या झाडीपट्टीतही दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावोगावच्या जत्रेला, शेतात मांडव घालून नाटकं होतात आणि त्यांतही घराची इज्जत, भावाची शपथ, बदला हेच असतं. दादाचा प्रबंध या दोन्हींवर होता. मला ती नाटकं फार आवडायची. मोहाचा तो गोड, डोकं जड करणारा वास, ओल्या गवतावर पडलेली फुलं, आणि दादाच्या तोंडून तलवारी आणि बंद खिडक्या. मी त्याच्याशी मोकळी बोलायचे, जगात त्याच्या एकट्याशीच.

"मंग त्या बाईनं काय केलं?" मी विचारायचे.

"ती काय करणार? मरते."

"अन् मारनारा?"

"त्याची इज्जत वाचते."

"कोणापाशी वाचते?"

"लोकांपाशी. हेच तर आहे मंजू. इज्जत आपल्यापाशी नसतेच. ती दुसऱ्याच्या तोंडात असते. लोक ज्याला जे म्हणतील, तेच तो."

"अन् लोक काहीच नाई म्हनले तं?"

"मग तो कोणीच नाही," दादा म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझ्या प्रश्नांचा त्याला उपयोग होत असावा.

एका मंडईच्या आधीची गोष्ट. दादाची मार्गदर्शक मॅडम आणि त्याच्याबरोबर शिकणारी एक मुलगी, अनुराधा, आमच्याकडची नाटकं पाहायला दिल्लीहून येणार होत्या. दोन दिवस आमच्याच घरी मुक्काम. मी अंगण सारवत होते. दादा येऊन कोरड्या बाजूला उकिडवा बसला. 

"मंजू, एक काम कर माझं. दोन दिवस मले दादा म्हणू नको."

मला वाटलं गंमत आहे. "मंग काय म्हनू? विलासराव?"

"भाऊ म्हण. गावातले सगळे म्हणतात तसं."

"काऊन?"

तेव्हा त्यानं सांगितलं. वर्गात एकदा वाद झाला होता, त्या नाटकांतल्या बायकांवरून. दादा तावातावानं बोलला तेव्हा मॅडमनं विचारलं, तुझ्या घरातल्या मुलींचं काय? सगळ्यांच्या देखत याच्या तोंडून निघून गेलं की माझी बहीण नागपूरला कॉलेजात आहे. मग ते तसंच चालू राहिलं. अनुराधा अधूनमधून विचारायची, बहीण कशी आहे, कोणत्या वर्षाला आहे, आणि हा दर वर्षी मला एक वर्ष पुढे ढकलायचा. असं करत करत मी बी.ए. व्हायला आले होते.

"मंग आता मी कोण?" मी विचारलं.

"बहीण नागपूरला आहे, परीक्षा आहे तिची. तू इथी कामाले आहेस, असं समज. दोन दिवसांची तर गोष्ट."

मी मायकडे पाहिलं. माय ओसरीवर तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला नाही. "कर ना माय," ती म्हणाली. "त्याच्या डिगरीचा सवाल हाय. दोन दिवसानं काय झिजून जाशीन का?" बाबा घरातच होते. ते पाणी प्यायला म्हणून उठले आणि गोठ्याकडे गेले. मी पुन्हा सारवायला लागले. राग तेव्हा आलाच नाही. तो मागाहून आला, आणि आला तो राहायलाच आला.

त्या दोघी आल्या. मॅडमचे केस पांढरे, आखूड, आवाज मऊ. अनुराधा भोपाळची, उंच, हसरी. मी तांदळाच्या भाकरी केल्या, लाखोळीची डाळ, वांग्याचं भरीत, कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या. ओसरीवर सगळे एका ओळीत जेवायला बसले आणि मी वाढत होते. मॅडमनी मायला हिंदीत विचारलं, "बेटी की याद आती होगी?" मायनं माझ्या हातातल्या वड्यांच्या ताटाकडे पाहिलं आणि "हौ" म्हणाली. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "कितनी मेहनती लड़की है. विलास, इसको भी पढ़ाओ." दादा भाकर मोडता मोडता म्हणाला, "हाँ मैडम, सोच रहे हैं." सोच रहे हैं. हे तीन शब्द मी आजही कोणत्याही क्षणी त्याच्याच आवाजात ऐकू शकते.

दुसऱ्या दिवशी अनुराधानं प्रवासाचे मळलेले कपडे माझ्यापुढे ठेवले, आतलेसुद्धा, आणि "सुनो, ये ज़रा हल्के हाथ से" असं म्हणून गेली. मी ते धुतले. हलक्या हातानं धुतले. हापशीवर शेजारची चंद्रकलाकाकू होती. गावात तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "का वं मंजे," ती म्हणाली, "काल तू विलासले भाऊ म्हनली. दादाचा भाऊ कदी झाला?" मी कपडे पिळत राहिले. "अन् हे कोनाचे झगे धुऊन राह्यली?" मी खाली पाहून बादली उचलली. निघायच्या वेळी अंगणात फोटो काढला, बाबा, माय, दादा आणि दोघी पाहुण्या. मी कडेला उभी होते, तर अनुराधानं हातानं खूण केली की थोडी बाजूला हो, सावली पडते. दादानं ते पाहिलं. जाताना मॅडमनी मला त्यांची वापरलेली शाल दिली. चांगली ऊबदार होती. मी ती वासराच्या अंगावर घातली.

त्यानंतर मी त्याला दादा म्हणणं सोडलं. भाऊही म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही, तो परत दिल्लीला गेला होता. कामं करताना मी मनात त्याचीच नाटकं चालवायचे. त्याच्या नाटकांत तलवारी होत्या आणि माझ्याकडे विळा होता, पण तसलं काही मला करायचं नव्हतं. त्यानं ज्यांच्या तोंडून मला पुसून टाकलं होतं, त्यांच्याच समोर त्याच्या तोंडून मला माझं नातं वदवून घ्यायचं होतं. एवढंच हवं होतं, पण पूर्ण हवं होतं. रडून मागायचं नव्हतं. आणि मला तर चार माणसांत तोंड उघडता येत नव्हतं.

उन्हाळ्यात दादाचं आणि अनुराधाचं लग्न ठरलं. लग्न दिल्लीत, नोंदणीचं. मग नवरी घरी आणायची आणि गावजेवण. तिचे आईवडील, मॅडम आणि त्यांच्या विभागात शिकवायला आलेला स्पेनचा एक मास्तर, एवढी मंडळी येणार होती. घर रंगवलं. नकाशा काढून टाकला. मग माय मला म्हणाली, "तू आठ-पंधरा रोज गोंडपिपरीले मावशीकडं जा. तिचं तिखट कुटाचं हाय, तिले हात नाई पुरत." मी विचारलं, "अन् लगीन?" माय रंगाचा डबा धूत होती. "ते तं दिल्लीलेच होऊन जाईन. इथी काय, जेवनच तं हाय." माझी पिशवी तिनं आधीच भरून ठेवली होती.

मावशीच्या अंगणात मी तीन दिवस मिरच्या कुटल्या. नाक, डोळे, हात, सगळं जळत होतं आणि मी एक शब्द बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी मावशीनं माझ्या हातातलं मुसळ धरलं. "मंजे, खरं सांग. भावाची नवरी उद्या घरात येऊन राह्यली अन् बहीण माझ्याकडं तिखट कुटून राह्यली, हे कसं?" मी सांगितलं. मिरच्यांच्या निमित्तानं रडूनही घेतलं. मावशी मायची धाकटी बहीण, विधवा, फटकळ. तिनं पायली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. मग म्हणाली, "उद्या नवरीले घरात कोण घेईन? दार कोण धरन?"

आमच्याकडे भाऊ नवरी घेऊन आला की बहीण दार धरते. ती दारातून हटल्याशिवाय नवरी आत येत नाही. बहीण थट्टेनं विचारते तू कोण, कुठून आला, ही कोण, मला काय देशील. भाऊ सगळ्यांसमोर उत्तरं देतो. बायका हसतात, गाणी म्हणतात, मग बहीण बाजूला होते. नोंदणीचं लग्न करून आपण सगळ्या रीतींतून सुटलो असं दादाला वाटलं असावं. चारशे वर्षांपूर्वीच्या परक्या चौकातली इज्जत त्यानं पानं पानं लिहिली होती, पण आपल्याच घराचं दार तो विसरला. "सख्खी असून चुलत बहिनीले धराले लावतीन का ते?" मावशी म्हणाली. "हे काही नाई. सकाळच्या गाडीनं जा." तिनं पेटीतलं हिरवं नवं लुगडं काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं. "अन् बोलता नाई आलं तं बोलू नको. दार बंद कर. बंद दाराले लाज नाई वाटत."

मी एकटीनं एस.टी.त बसले ती पहिलीच वेळ. पोंभुर्ण्याहून पुढे एका ओळखीच्या ट्रॅक्टरवर. गावाच्या तोंडाशी पोचले तर बँड वाजत होता. मी परसातून शिरले, मागच्या दारानं आत. पुढच्या दारापाशी माय ओवाळणीचं ताट घेऊन तयार उभी होती, निरांजन लावलेलं. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की जणू विहिरीतून कोणी वर आलं. तिच्या दोन्ही हातांत ताट होतं. मी तिच्या बाजूनं गेले, पुढचं दार लावलं आणि कडी घातली.

"मंजे! हे काय करून राह्यली? उघड!" माय दबक्या आवाजात म्हणाली.

बाहेर बँड दाराशी आला आणि थांबला. पावलं वाजली. दार ढकललं गेलं, पुन्हा ढकललं गेलं. मग चंद्रकलाकाकूचा आवाज आला, अगदी खुशीतला. "आता वं बाई! आतून कडी! कोन हाय आत?"

मी दाराच्या फळीला कपाळ टेकवलं. फळी गार होती. समोर एकही चेहरा नव्हता, फक्त नवा रंग. आणि माझा आवाज निघाला, माझा मलाच ओळखू न येणारा. "मी मंजुळा. दार धरलं."

बायकांमध्ये एकच हशा आणि टाळ्या. "धर वं, धर! सोडू नको सवंगात!" काकू ओरडली. "विलास, दे आता जबाब! दिल्लीवाला झाला म्हनून सुटशीन का?"

दादा दाराला तोंड लावून हळू बोलला. इतका जवळ होता की त्याचा श्वास फटीतून येत होता. "मंजू, उघड. माझं ऐक. मागून सांगतो सगळं."

"दारात कोन हाय?" मी मोठ्यानं विचारलं. रीतीप्रमाणे पहिला प्रश्न हाच असतो.

"मी विलास."

"अन् मी तुमची कोन?"

बायका हसल्या, त्यांना थट्टाच वाटली.  माझ्या मागे मायनं ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. तिनं माझा दंड धरला. "मंजे, पाया पडतो तुया. पाहुने हायेत." मी दंड सोडवला. असा तिचा हात मी त्याआधी कधी झटकला नव्हता.

"आयकू नाई आलं," मी म्हणाले.

"बहीण," दादा म्हणाला.

"सासऱ्याले सांगा. त्याहिले मराठी येत नाई. हिंदीत सांगा."

पुन्हा हशा, पण या वेळी थोडा कमी. चंद्रकलाकाकूला कसला तरी सुगावा लागला असावा, तिचा आवाज बदलला. "सांग ना बाबू, काऊन थुंकी गिळतोस? आपलीच बहीन हाय ना?" बाहेर कोणीतरी खोकलं. मग दादा, प्रत्येक शब्द खाली ठेवत: "दरवाज़े के पीछे... मेरी बहन है."

अनुराधाचा आवाज आला, हसत. "अरे, वो आ गई? नागपुर से? तुमने बताया नहीं!"

मला हिंदी धड येत नव्हती. मी माझ्या भाषेतच बोलले, हळू, म्हणजे कळावं. "नागपूरले कोनी नाई. याहिले बहीन एकच, ते मी. मी चवथी पास. मंडईले तुम्ही आल्या तवा तुमचे कपडे धुतले ते मी. मले शाल देल्ली ते मी. सावली पडते म्हनून बाजूले केलं ते बी मी."

हसणं थांबलं. बँडवाल्यातल्या कोणाचा तरी हात चुकून ढोलाला लागला, तेवढा एक आवाज झाला. मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, "विलास? वो लड़की?"  अनुराधाच्या वडिलांनी विचारलं, क्या मामला है? मला वाटलं होतं एवढ्यानं माझं पोट भरेल. नाही भरलं.

"अजून एक पाहुने हायेत," मी म्हणाले. "त्याहिले बी सांगा. त्याहिच्या भाषेत."

"मंजू, बस झालं," दादा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

"मंग राहा उभे. मले घाई नाई."

ऊन होतं. मांडवाचं कापड दारापर्यंत पोचत नव्हतं. बरंच थांबल्यावर दादा त्या भाषेत बोलायला लागला. त्या मास्तरानं काहीतरी विचारलं, दादानं सांगितलं, त्यानं पुन्हा विचारलं. खरं सांगितलं की खोटं, मला कळायचा मार्ग नव्हता. पण अनुराधाला ती भाषा येत होती. मध्येच ती त्याच भाषेत एक छोटंसं काहीतरी बोलली, चाबूक ओढल्यासारखं, आणि दादा गप्प झाला. मग उरलेलं तिनंच त्या मास्तराला सांगितलं. तेव्हा माझी खात्री पटली. मी कडी काढली.

दार उघडल्यावर उजेडात सगळे चेहरे एकदम दिसले आणि मी चौकटीच्या आड सरकले, पण काम झालं होतं. मायनं ताट उचललं. निरांजन विझलं होतं, ते मी काडी ओढून पुन्हा लावलं आणि तिनं दोघांना ओवाळलं. अनुराधानं दादाकडे पाहिलं नाही. माप ओलांडून आत आली, मला पाहिलं आणि पाया पडायला वाकली. नणंद म्हणून तो माझा मान होता. लोक अशा वेळी पाय मागे घेतात, असू द्या म्हणतात. मी पाय मागे घेतले नाहीत.

आता दादा निवृत्त प्राध्यापक आहे. त्याच्या प्रबंधाचं पुस्तक झालं, जाड, काचेच्या कपाटात असतं. अनुराधानं त्याला सोडलं नाही. कधीकधी वाटतं सोडायला हवं होतं. त्याच्याकडे गेले की दारावर पेपरवाला आला तरी तो न विचारता सांगतो, "ही माझी बहीण." मोठ्यानं सांगतो. माझ्या सुना म्हणतात, मामा किती प्रेम करतात तुमच्यावर. मी हो म्हणते. मला ते ऐकायला आजही गोड लागतं, आणि प्रेमामुळे लागत नाही.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. पंगती उठल्या आणि हापशीपाशी गंज, कढया आणि परातींचा ढीग झाला. गावातल्या बायका एरवी पदर खोचून बसल्या असत्या. त्या दिवशी चंद्रकलाकाकूनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमी पाहुन्या हाओत बाप्पा. घरचे पाहून घेतीन." आणि सगळ्या पान खात मांडवात बसून राहिल्या. मी खाटेवर बसले होते, हिरव्या लुगड्यात. मायनं ढिगाकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं हाक मारली, "मंजे..."

"मी करवली हाओ," मी म्हणाले. "करवली भांडे घासत नाई."

मायनं पदर खोचला. मग स्वतः बसली आणि राख घेऊन घासायला लागली. मी उठले नाही. मॅडम पाहत होत्या, अनुराधाचे आईवडील पाहत होते. शेवटी दादा उठला. लग्नाचा कोट काढून खुर्चीवर ठेवला, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि मायच्या हातातली कढई घेतली. "नको रे बाबू, लोक पाहून राह्यले," माय रडत म्हणाली. तो बसला. त्याला घासता येत नव्हतं, राख कोपरापर्यंत गेली होती. तो स्पेनचा मास्तर त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि काहीतरी विचारलं. दादानं मान वर न करता उत्तर दिलं, बराच वेळ बोलत होता. काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

काकूनं माझ्या द्रोणात बुंदी वाढली. मी म्हणाले, अजून थोडी वाढा.